आधारवर्षाचे राजकारण

१८९६ साली हिंदुस्थान सरकारने विलायतेहून येणाऱ्या सुती कापडावर साडेतीन टक्के आयात कर ठेवला आणि त्याच दमात मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी कर बसवला. तिजोरीला आयात कराचे उत्पन्न हवे होते. पण त्या करामुळे मुंबईच्या गिरण्यांना आडोसा मिळतो, अशी लँकेशायरच्या गिरणीमालकांची ओरड होती. दोघांवर सारखाच कर लावला की कुणालाच झुकते माप नाही, असा युक्तिवाद झाला आणि कागदावर तो बिनतोड होता. फक्त त्याआधीची पावणेदोनशे वर्षे त्याच्या हिशेबात नव्हती. १७०० आणि १७२१ साली ब्रिटिश संसदेने हिंदुस्थानातले छापील आणि रंगीत कापड आपल्या बाजारातून कायद्याने हद्दपार केले होते आणि त्या आडोशाला तिथला सुती धंदा मूळ धरू शकला होता. धंदा जगाला पुरून उरल्यावर ब्रिटनने खुल्या व्यापाराचा झेंडा हाती घेतला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानाचा रोख याच मुद्द्यावर होता: अर्थशास्त्राचे जे नियम सार्वकालिक म्हणून शिकवले जातात, ते एका विशिष्ट देशाच्या विशिष्ट अवस्थेतून निघालेले आहेत. गिरण्यांवरचा तो कर उठायला १९२५-२६ साल उजाडावे लागले.

श्रीमंत आणि गरीब देशांमधला व्यापाराचा वाद ‘खुला व्यापार की संरक्षण’ अशा जुन्या चौकटीत मांडायची आपल्याला सवय झाली आहे. ही चौकट अपुरी आहे. सगळेच देश सोयीप्रमाणे दोन्ही करतात आणि दोन्हींच्या बाजूने बोलतात. खरी झटापट होते ती मोजणी कोणत्या सालापासून सुरू करायची यावर. नियम सगळ्यांना सारखे असू शकतात, तरीही ते लागू होण्याच्या क्षणी ज्याच्या गाठीला जे होते ते त्याचा हक्क ठरते आणि ज्याच्याकडे नव्हते त्याला ते पुढे मिळवण्याची मनाई होते. गेल्या ७५-८० वर्षांतला व्यापार करारांचा इतिहास या दृष्टीने वाचला तर त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. हा आढावा मुख्यतः कापसाच्या आधाराने घेतला आहे, कारण शेती, उद्योग आणि मुत्सद्देगिरी हे तिन्ही धागे एकत्र दिसतील असे दुसरे पीक नाही.

१९४७ साली जिनिव्हात गॅट करारावर २३ देशांनी सह्या केल्या. त्यांत भारत होता. आयात शुल्क हळूहळू कमी करायचे आणि एका सदस्याला दिलेली सवलत सगळ्यांना द्यायची, हा त्याचा गाभा. कारखानदारीच्या मालावरचे शुल्क पुढच्या दशकांत खरोखरच खूप उतरले. पण गरीब देशांकडे विकण्याजोग्या दोनच गोष्टी होत्या, शेतमाल आणि कापड, आणि नेमक्या याच दोन गोष्टी नियमांच्या बाहेर राहिल्या. शेतमालाच्या बाबतीत १९५५ साली अमेरिकेने आपल्या शेती कायद्याखालच्या आयातबंधनांसाठी गॅटकडून मुदतीची अट नसलेली सूट घेतली. पुढे युरोपने आपले सामाईक कृषी धोरण उभारले, तेव्हा त्याला अडवण्याचा नैतिक अधिकार कुणाकडे उरला नव्हता. कापडाच्या बाबतीत १९६१ साली ‘अल्पकालीन’ म्हणून जी व्यवस्था सुरू झाली, ती आधी ‘दीर्घकालीन’ झाली, मग १९७४ साली बहुतंतू करार झाली आणि २००५ च्या १ जानेवारीला संपली. चव्वेचाळीस वर्षांची ही तात्पुरती सोय होती. कोणत्या देशाने किती शर्ट, किती विजारी पाठवायच्या याचे कोटे ठरत आणि ते बऱ्याचदा आदल्या वर्षांच्या निर्यातीवरून ठरत.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बांगलादेशाचा तयार कपड्यांचा उद्योग याच कोट्यांच्या पोटी जन्मला. कोरियाचा कोटा भरत आला होता, म्हणून देवू या कोरियन कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोटा नसलेल्या बांगलादेशात भागीदार शोधला आणि तिथल्या माणसांना कोरियात नेऊन शिलाईचे काम शिकवले. आज बांगलादेशाच्या निर्यातीतला ८० टक्क्यांहून अधिक वाटा कपड्यांचा आहे. म्हणजे अन्याय्य नियमाच्या फटीतूनही कुणीतरी वर येतो. परंतु ती फट कुणासाठी राखून ठेवलेली नव्हती, ती हिशेबातली चूक होती. आणि आजही शुल्काची रचना पाहिली तर जुना कल लपत नाही. युरोपीय संघात कच्च्या कापसावर शुल्क शून्य, कापडावर साधारण ८ टक्के आणि शिवलेल्या कपड्यावर १२ टक्के. अमेरिकेत सुती टी-शर्टवरचा सर्वसाधारण दर १६.५ टक्के आहे, तोही तिथले औद्योगिक मालावरचे सरासरी शुल्क दोन-तीन टक्क्यांच्या आसपास होते त्या काळातला. कच्चा माल पाठवा, रोजगार इकडे राहू द्या, असा त्याचा अर्थ कुणी बोलून दाखवत नाही. दरपत्रकात तो लिहिलेलाच आहे.

शेती शेवटी नियमांत आली ती गॅटच्या वाटाघाटींच्या उरुग्वे फेरीत. १९९१ च्या डिसेंबरातला गॅटचे महासंचालक आर्थर डंकेल यांचा मसुदा महाराष्ट्रातल्या चावड्यांवरसुद्धा चर्चेत होता. १९९४ च्या एप्रिलमध्ये माराकेशला सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. कृषी करारातली तरतूद वरवर साधी वाटते. व्यापार बिघडवणारे अनुदान १९८६ ते १९८८ या आधारवर्षांत जेवढे होते, त्यात श्रीमंत देशांनी सहा वर्षांत २० टक्के आणि विकसनशील देशांनी दहा वर्षांत १३.३ टक्के कपात करायची. त्याखेरीज प्रत्येक पिकाच्या उत्पादनमूल्याच्या काही टक्के अनुदान सगळ्यांना क्षम्य: श्रीमंतांना ५, विकसनशील देशांना १०. ऐकायला उदार वाटते. पण १९८६-८८ हा काळ अमेरिका आणि युरोप एकमेकांना धान्यबाजारातून हुसकावण्यासाठी तिजोऱ्या रित्या करत होते तो काळ. त्या शर्यतीत जो सर्वांत जास्त उधळत होता, त्याला कपातीनंतरही सर्वांत मोठी मर्यादा मिळाली. अमेरिकेची मर्यादा वर्षाला १९.१ अब्ज डॉलर, युरोपीय संघाची सुमारे ७२ अब्ज युरो. असा हक्क फक्त तीसेक सदस्यांकडे आहे. त्याची खुबी अशी की ही एकूण रक्कम कोणत्याही एका पिकावर ओतता येते. भारत, माली किंवा बुर्किना फासोकडे असा हक्क नाही. त्यांच्या वाट्याला प्रत्येक पिकामागे फक्त दहा टक्के.

त्या दहा टक्क्यांची मोजणी कशी होते, हे पाहण्यासारखे आहे, कारण घोडे तिथेच पेंड खाते. हमीभावातून १९८६-८८ ची आंतरराष्ट्रीय संदर्भ किंमत वजा करायची, येणाऱ्या फरकाला खरेदीस पात्र असलेल्या उत्पादनाने गुणायचे. तो गुणाकार म्हणजे सरकारने दिलेले अनुदान. संदर्भ किंमत कायमची गोठलेली. तीन-साडेतीन दशकांत डिझेल, मजुरी, खते, बियाणे यांचे दर कुठल्या कुठे गेले, पण सूत्राच्या लेखी आजचा हमीभाव आणि राजीव गांधींच्या काळातला जागतिक भाव यांच्यातली सगळी तफावत ही शेतकऱ्याला दिलेली देणगी आहे. तेव्हा डॉलर सुमारे १३ रुपयांना होता. २०१८ साली अमेरिकेने भारताच्या गहू-तांदळाविरुद्ध आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कापसाविरुद्ध संघटनेकडे प्रतिहिशेब सादर केला, तो रुपयांत मांडून आणि जवळपास सगळे उत्पादन ‘पात्र’ धरून. भारताचा हिशेब डॉलरमध्ये आणि सरकारने प्रत्यक्ष खरेदी केलेल्या मालापुरता. एकाच पिकाचे, एकाच वर्षाचे अनुदान एका हिशेबात नगण्य तर दुसऱ्यात मर्यादेच्या कित्येक पट निघते. महागाई फार वाढली तर तिचा योग्य विचार करावा, असे एक कलम कृषी करारात आहे. ते अंमलात कसे आणायचे यावर मात्र एकमत होत नाही.

भारताने २०१३ साली संघटनेच्या बाली परिषदेत यावर अडवणूक केली आणि अन्नधान्याच्या सरकारी साठ्यांसाठी ‘शांतता कलम’ मिळवले: कायमस्वरूपी तोडगा निघेपर्यंत मर्यादा ओलांडली तरी कुणी तक्रार नेणार नाही. २०१८-१९ च्या तांदळाची मर्यादा ओलांडली गेली, तेव्हा भारताने ते प्रथम वापरले, ४३.६७ अब्ज डॉलरच्या उत्पादनावर ५ अब्जांची मदत, म्हणजे १० टक्क्यांपेक्षा थोडी जास्त. पण हे कलम २०१३ आधीच्या योजनांना आणि पारंपरिक अन्नपिकांनाच लागू आहे. कापूस खाता येत नाही, म्हणून कापसाचा हमीभाव या छत्राखाली येत नाही. कायमचा तोडगा २०१७ पर्यंत काढायचे ठरले होते. ब्युनोस आयर्सची परिषद रिकाम्या हाताने उठली, २०२४ ची अबू धाबीचीही.

आता ज्यांच्याकडे हक्क होता त्यांनी तो कसा वापरला ते पाहू. २००१-०२ च्या हंगामात जागतिक बाजारात रुईचा भाव पौंडाला ४० सेंटच्याही खाली गेला, तीन दशकांतला नीचांक. त्या वर्षी ऑक्सफॅमच्या हिशेबाने अमेरिकेतल्या सुमारे २५,००० कापूस उत्पादकांना ३.९ अब्ज डॉलर अनुदान मिळाले. ही रक्कम बुर्किना फासोच्या संपूर्ण राष्ट्रीय उत्पन्नाहून मोठी होती. भाव पडला की उत्पादन कमी व्हायला हवे. टेक्सासमध्ये तसे झाले नाही, कारण तिथल्या शेतकऱ्याला बाजारभाव जाणवतच नव्हता. तो जाणवला मालीत, बेनिनमध्ये, चाडमध्ये आणि यवतमाळात. पश्चिम आफ्रिकेत कापूस पिकवण्याचा खर्च जगात सर्वांत कमी असलेल्यांपैकी; तुलनात्मक फायद्याचे पाठ्यपुस्तक प्रमाण मानले तर बाजार त्यांचाच असायला हवा होता. २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चौघांनी कापसाच्या अनुदानाचा प्रश्न संघटनेपुढे ठेवला. त्यांनी मदत मागितली नव्हती, विशेष सवलतही नव्हती. खुल्या बाजाराचा नियम पाळा, हे त्यांचे मुख्य म्हणणे होते. त्या सप्टेंबरात कान्कुनच्या परिषदेत जो मसुदा पुढे आला, त्यात या देशांनी कापसावरचे अवलंबन कमी करून अर्थव्यवस्थेत विविधता आणावी, यासाठी असलेले मदतनिधी वळवावेत, असे सुचवले होते. परिषद मोडली.

ब्राझीलने दुसरी वाट धरली: २००२ साली थेट खटला भरला. २००४ च्या पंचनिर्णयाने आणि २००५ च्या अपीलाने अमेरिकेचे कापूस अनुदान नियमबाह्य ठरवले. त्यातला एक तपशील वकिली बुद्धीची तारीफ करावी असा आहे. उत्पादनाशी संबंध नसलेली म्हणून अमेरिका जी रक्कम निर्दोष रकान्यात दाखवत होती, ती घेणाऱ्याला फळे-भाज्या लावायची मनाई होती. म्हणजे पीक निवडण्यावर बंधन होते आणि रक्कम निर्दोष राहिली नाही. २००९ साली ब्राझीलला प्रतिशुल्काचा आणि विशिष्ट मर्यादेपलीकडे पेटंटसारख्या बौद्धिक हक्कांवरही बोट ठेवण्याचा अधिकार मिळाला. त्या धाकाने अमेरिका बोलणीला आली आणि तिने ठरवले काय, तर आपल्या शेतकऱ्यांचे अनुदान चालू ठेवून ब्राझीलच्या कापूस संस्थेला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायचे. २०१४ साली आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटले. स्वतःच्या शेतकऱ्यांना पैसे देत राहता यावे म्हणून अमेरिकी करदात्याने ब्राझीलच्या शेतकऱ्यांनाही पैसे दिले. मालीच्या वाट्याला काहीच आले नाही, कारण मालीने प्रतिशुल्क लावले असते तर वॉशिंग्टनमध्ये कुणाच्या कपाळाला आठी पडली नसती. त्याच २०१४ साली अमेरिकी कायद्याने कापूस मुख्य अनुदान योजनेतून बाहेर काढला. २०१८ मध्ये तो ‘सरकीसह कापूस’ या नव्या नावाने परत आत आला.

यावर पहिला आणि माझ्या मते सर्वांत वजनदार आक्षेप इथलाच आहे. शेतकरी नेते शरद जोशींनी तो आयुष्यभर मांडला: भारतातल्या शेतकऱ्याचा शत्रू अमेरिकेत शोधायचे कारण नाही, तो दिल्लीत आहे. निर्यातबंदी, झोनबंदी, लेव्ही आणि महाराष्ट्रात १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी यांनी शेतकऱ्याला जागतिक भावापेक्षा कमी मिळाले. सरकारचे अनुदान उणे होते. म्हणून त्यांनी डंकेल मसुद्याचे स्वागत केले, बहुतेक पक्ष विरोधात असताना. उणे अनुदानाची गोष्ट खरी होती. भारताने जागतिक व्यापार संघटनेला दिलेल्या सुरुवातीच्या आकड्यांतही पीकनिहाय आधार उणेच आहे. २०१० साली आणि पुन्हा मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात बंद करून सरकारने गिरण्यांचे भले पाहिले, तेही त्याच चालीचे. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट त्याला जोडला जातो. १९८६-८८ मध्ये भारत आपल्या शेतकऱ्याला पिळत होता, म्हणूनच आधारवर्षात त्याच्या नावावर अनुदान निघाले नाही आणि म्हणूनच कायमची मर्यादा पदरात पडली नाही. दिल्लीने केलेला अन्याय जिनिव्हात शेतकऱ्याची इयत्ता म्हणून नोंदला गेला. शेतकऱ्याला एकाच गोष्टीसाठी दोनदा भुर्दंड बसला.

दुसरा आक्षेप: ‘गरीब’ म्हणायचे तरी कुणाला? जागतिक व्यापार संघटनेत विकसनशील असल्याचे देश स्वतःच जाहीर करतो. कापूस अनुदानाच्या यादीत गेल्या दशकात चीन सर्वांत वर राहिला आहे. शिनजियांगमधल्या उत्पादकांना तो लक्ष्य किमतीने सांभाळतो. नव्या वाटाघाटींत विकसनशील देशांच्या विशेष सवलती मागणार नाही, असे चीनने सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केले ते उशिरा. भारतही निर्मळ नाही. आपल्या साखरेविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने नेलेल्या खटल्यात डिसेंबर २०२१ मध्ये निकाल विरुद्ध गेला. उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, सरकारच्या तिजोरीतून जात नाही, कारखाना देतो, हा आपला बचाव टिकला नाही. भारताने अपील केले ते अशा मंडळाकडे, ज्यात अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून खटला ऐकण्यापुरतेही न्यायाधीश नव्हते. अमेरिकेने बंद पाडलेल्या न्यायालयाचा आडोसा घेणे महाराष्ट्राच्या सहकारी साखर कारखानदारीला सोयीचे होते, पण तत्त्वाच्या गोष्टी करणाऱ्याला ते शोभणारे नव्हते. तेव्हा ‘सगळा दक्षिण एक’ ही घोषणा सोडावी लागेल. बेनिन आणि भारत यांचे हित कापसात आज एक नाही. भारताचा हमीभाव वाढून निर्यात वाढली तर बेनिनचा भाव पडतो. आधारवर्षाचा मुद्दा मात्र त्याने पुसला जात नाही. चीनने २००१ च्या प्रवेशावेळी ८.५ टक्क्यांची मर्यादा मान्य केली आणि ती ओलांडल्याचा निर्णय २०१९ साली त्याच्याविरुद्ध गेला. अमेरिकेला मात्र आपल्या १९.१ अब्ज डॉलरच्या मर्यादेत एकट्या कापसावर हवा तेवढा खर्च करण्याची मुभा कराराने दिली आहे.

तिसरा आक्षेप परिणामांच्या आकाराचा. अमेरिकी अनुदान हटवले तर जागतिक भाव ६ ते १४ टक्के वाढेल, असा २००७ चा एक नामांकित अभ्यास सांगतो. एवढ्याने पश्चिम आफ्रिका किंवा विदर्भ श्रीमंत होणार नाही, हे खरेच. कोरडवाहू शेती, पाण्याची वानवा, बोंडअळी, सावकारी यांची बेरीज त्याहून मोठी आहे. पण भाव उत्पादन खर्चाच्या आसपास घुटमळत असेल तेव्हा दहा टक्क्यांचा फरक हा नफ्याचा नव्हे, तर कर्ज फिटणार की नाही याचा फरक असतो.

हीच रीत शेतीबाहेरही चालू आहे. युरोपचा सीमेवरचा कार्बन कर जानेवारी २०२६ पासून पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते यांवर लागू झाला. आयात माल तयार होताना जेवढा कार्बन सुटला त्याचे पैसे भरायचे. युरोपातले कारखानेही भरतात, म्हणजे पुन्हा दोघांवर सारखा कर. वातावरणात दीडशे वर्षांत साठलेला कार्बन कुणाचा, हा प्रश्न दरपत्रकात नाही. हवामानासाठी काही करायलाच हवे आणि युरोपने निदान काही केले, हे मी नाकारत नाही. पण १८९६ च्या अबकारीशी त्याचे साम्य नजरेआड करता येत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात भारत आणि दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या लसी-औषधांवरचे पेटंट हक्क काही काळ स्थगित करा म्हटले, तेव्हा पावणेदोन वर्षे वाट पाहून जे मिळाले ते फक्त लसींपुरते, तेही लसींची टंचाई ओसरल्यावर.

एवढे सगळे मान्य करून कुणी म्हणेल, की मग ही नियमव्यवस्थाच मोडीत निघालेली बरी. २०२५ ने त्याची चव दाखवली. २ एप्रिलला अमेरिकेने देशोदेशींच्या शुल्कांचा तक्ता जाहीर केला, त्यात जीन्स-टीशर्ट शिवून जगणाऱ्या लेसोथोसारख्या छोट्या देशावर ५० टक्के लावले होते. पुढे ते १५ वर आले, पण दरम्यान खरेदीदारांच्या ऑर्डरी गेल्याच. नियम वाकडे असले तरी ब्राझीलला त्यांचा आधार घेऊन अमेरिकेला टेबलावर आणता आले होते. नियम नसताना लेसोथोला नुसती विनवणी करता आली. म्हणून मागणी व्यवस्था मोडण्याची नसून मोजणी बदलण्याची असायला हवी: संदर्भ किंमत गेल्या काही वर्षांच्या चालत्या सरासरीने ठरवणे आणि मूठभर देशांकडचे जुने अनुदानहक्क रद्द करणे. भारत आणि चीनने जुलै २०१७ मध्ये दुसरी मागणी एकत्र मांडली होती. तेव्हापासून ती कागदावर आहे.

२०२५ च्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावले आणि तिरुपूर-सुरतच्या निर्यातदारांचे कंबरडे मोडू लागले. दिल्लीचे पहिले पाऊल असे: २०२१ पासून असलेले कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. गिरण्यांना रुई स्वस्त मिळावी, हा हेतू. विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचणीला येतो तो ऑक्टोबरपासून; म्हणजे माफीची मुदत नेमकी हंगामावर पडली. त्या वर्षीचा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये, मध्यम धाग्याला ७,७१०, आणि तो मिळायचा तर सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर गाडी लागायला हवी. बाहेरून शुल्कमुक्त येणाऱ्या गाठींत अमेरिकेच्याही होत्या.